कुकरची शिट्टी, इन्व्हर्टरचं ‘पीक’ आणि पलंगाखालचं कुत्रं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत विश्रामबागेत आमची गल्ली आहे. सकाळी सात ते साडेआठ या वेळात तिथं निदान पंधरा कुकर शिट्ट्या देतात, आणि त्याच वेळी तीन घरांतली कुत्री पलंगाखाली असतात. त्यातलं एक आमचं. नाव वाघ्या. (नाव ठेवताना माणसानं घाई करू नये.) त्याला घेऊन सकाळी फिरायला निघालं की ओळखीची माणसं थांबवून तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदा लिहून काढली. मी पशुवैद्य नाही. बारा वर्षं कुत्री सांभाळली, चुका केल्या, डॉक्टरांना प्रश्न विचारून भंडावलं आणि मिळेल ते वाचलं, एवढ्याच भांडवलावर लिहिते आहे.

फटाक्यांना घाबरलं तर समजू शकतो. कुकरच्या शिट्टीला काय घाबरायचं?

आपल्याला शिट्टी ऐकू येत नाही, डाळ शिजल्याचं ऐकू येतं. बीप वाजलं की बॅटरी उतरली, घर्रर्र झालं की चटणी होतेय. आवाजाला अर्थ चिकटला की तो टोचत नाही. कुत्र्याच्या वाट्याला अर्थाशिवायचा नुसता आवाज येतो, आणि तोही आपल्यापेक्षा जास्त. माणसाचा कान साधारण २० हजार हर्ट्‌झपर्यंतचं ऐकतो, कुत्र्याचा ४५ हजारांच्या आसपास जातो. वाफेच्या फवाऱ्यातला जो बारीक, टोकदार भाग आपल्या कानापर्यंत पोचतच नाही, तो त्याला पुरेपूर ऐकू येतो.

शिवाय हा आवाज कधी सुरू होणार आणि कधी थांबणार, हे त्याच्या हातात नसतं. मिक्सरचं बटण तुम्ही दाबता, त्यामुळे तुम्ही दचकत नाही. शेजारणीनं भिंतीपलीकडं अचानक मिक्सर लावला तर तुम्हीही दचकताच.

सगळ्यात जास्त त्रास कोणत्या आवाजाचा होतो? मोठ्या आवाजाचा ना?

नाही, आणि इथंच सगळे फसतात. आम्हीही फसलो.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०२१ मध्ये याच विषयावर काम प्रसिद्ध केलं. ३८६ कुत्रेपालकांना त्यांनी प्रश्न विचारले आणि लोकांनी इंटरनेटवर टाकलेले ६२ व्हिडिओ तपासले. निष्कर्ष असा निघाला की व्हॅक्यूम क्लीनरसारख्या सलग घरघरीपेक्षा थांबून थांबून येणारे बारीक, उंच पट्टीतले आवाज कुत्र्यांना जास्त घाबरवतात. तिकडं घरोघरी धूर ओळखणारी यंत्रं असतात, त्यांची बॅटरी संपत आली की ती मधूनच ‘चिक्’ करतात. तो आवाज या यादीत वरचा होता. आपल्याकडं ते यंत्र फारसं नसतं, पण त्याची भावंडं भरपूर: इन्व्हर्टर, कॉम्प्युटरचा यूपीएस, पाण्याची टाकी भरल्याचा अलार्म, दार उघडं राहिल्यावर ओरडणारा फ्रिज, काम झाल्यावर बोलावणारं वॉशिंग मशीन.

आमच्याकडं गुन्हेगार इन्व्हर्टर होता. बॅटरी म्हातारी झालेली. लाईट गेली की दहा-पंधरा मिनिटांत त्याचं ‘पीक... पीक...’ सुरू व्हायचं. आम्हाला त्याची इतकी सवय झाली होती की ते ऐकू येणंच बंद झालं होतं. इकडं वाघ्या मोरीत जाऊन कोपऱ्यात तोंड खुपसून बसायला लागला. मग तो पीक सुरू व्हायच्या आधीच जायला लागला. मग भर दुपारी, लखलखीत उजेडात, लाईट गेल्याचं आमच्या लक्षात यायच्या आत. सासूबाई म्हणाल्या, याला बाहेरचं काहीतरी दिसतंय. महिनाभरानं उलगडा झाला. त्याला पंखा थांबल्याचं कळत होतं. पंखा थांबला की थोड्या वेळानं ते पीक येतं, हे गणित त्यानं मांडलं होतं आणि आता नुसता पंखा थांबणंसुद्धा त्याला पुरत होतं. भीती अशी एका आवाजापुरती राहत नाही, ती त्याच्या आधी घडणाऱ्या गोष्टींवर मागं मागं सरकत जाते. उद्या तुम्ही कुकरला हात लावलात, परवा ओट्याकडं वळलात, तरी ती सुरू होईल.

बॅटरी बदलली. त्याआधी दीड महिना आम्ही त्याला हट्टी म्हणून रागावत होतो, हे लिहिताना आजही बरं वाटत नाही.

आमचं कुत्रं अजिबात घाबरत नाही. मिक्सर लावला की गप्प एका जागी बसून राहतं.

एकदा त्याच्याकडं नीट बघा. गप्प बसणं आणि निवांत बसणं यात फरक आहे.

निवांत कुत्र्याचं अंग सैल असतं, एक कूल्हा कलता असतो, डोळे अर्धे मिटलेले. घाबरून गप्प झालेलं कुत्रं अंग चोरतं. कान मागं चिकटतात, शेपूट पोटाखाली जाते, तोंड घट्ट मिटतं. झोप आलेली नसताना जांभई देतं. समोर खायला काही नसताना जीभ ओठांवरून फिरवतं. मान न हलवता डोळ्यांच्या कडेनं बघतं, म्हणजे डोळ्यातला पांढरा भाग दिसतो. ऊन नसताना धापा टाकतं, फरशीवर पंज्यांचे ओले ठसे उमटतात. काही कुत्री तुमच्या मागं मागं फिरतात, पायात घुटमळतात, आणि आपण म्हणतो काय लाडात आलंय. थरथरणं, लाळ गळणं, घरात मुतणं ही पुढची पायरी. ती दिसेपर्यंत बहुतेक कुत्र्यांनी आधी बरंच सांगून झालेलं असतं.

त्या डेव्हिसच्या अभ्यासातही असंच दिसलं, की कुत्रं घाबरलंय हे पालकांच्या पुरेसं लक्षात येत नाही. व्हिडिओंमधली बरीच माणसं घाबरलेल्या कुत्र्याकडं बघून हसत होती. वाईट माणसं नव्हती ती. त्यांना ते गंमतच वाटत होतं. आमच्या मोबाईलमध्येही वाघ्याचा असा एक व्हिडिओ आहे: मिक्सर लागतो, तो लगबगीनं सोफ्यामागं जातो आणि मागून भाच्याचं खिदळणं ऐकू येतं.

घाबरल्यावर जवळ घेतलं तर लाडावतं आणि भीती वाढते म्हणतात. खरं आहे का?

खरं नाही. भीती ही भावना आहे, शेकहँडसारखी शिकवलेली करामत नाही. रडणाऱ्या पोराला मांडीवर घेतलं म्हणून ते उद्या जास्त घाबरत नाही. कुत्रं जवळ आलं तर येऊ द्या, शांतपणे हात फिरवा. मात्र त्याला पलंगाखालीच राहायचं असेल तर ओढून बाहेर काढू नका. आणि तुम्ही स्वतःच ‘अगंबाई, काय झालं माझ्या सोन्याला’ म्हणून धावपळ केलीत, तर त्याला वाटणारच की नक्की काहीतरी झालंय.

सवय व्हावी म्हणून ओट्याजवळच बांधून ठेवलं तर?

नको. एका ओळखीच्या गृहस्थांनी केलं होतं. आठ दिवसांत त्यांचं कुत्रं ‘सुधारलं’, म्हणजे धडपड करायचं थांबलं. पळून उपयोग नाही एवढंच ते शिकलं होतं. पुढं दोन महिन्यांनी त्यानं साखळी हातात घेणाऱ्या मुलाला दात लावला, आणि मग सगळे म्हणाले, अचानक कसं काय चावलं!

मग नेमकं करायचं काय?

आधी सोपं ते करा. जो आवाज टाळता येतो तो टाळा. म्हातारी बॅटरी बदला, टाकीच्या अलार्मला बंद करायचं बटण असेल तर ते वापरा, वॉशिंग मशीनचे पाय समपातळीत आणा म्हणजे ते पिळताना नाचणार नाही. मिक्सरखाली जाड टॉवेलची घडी ठेवली की ओट्याच्या ग्रॅनाइटमधून येणारी थरथर बरीच मरते. फक्त मोटरची हवा जायची भोकं झाकू नका. कुकर शक्यतो कुत्रं फिरायला गेलेलं असताना लावा. आमच्याकडं हे काम मिस्टरांकडं आहे. ते वाघ्याला शंभरफुटी रस्त्यापर्यंत नेऊन आणतात, तेवढ्यात माझे दोन कुकर होतात.

दुसरं, त्याला लपायला हक्काची जागा द्या. पलंगाखाली, कपाटाआड, मोरीत, जिथं ते आपणहून जातं तिथं. जुनी सतरंजी आणि पाणी ठेवा, दार उघडं ठेवा. त्या जागेतल्या कुत्र्याला कुणीही हात लावायचा नाही, हा नियम लहान मुलांनाच नाही, पाहुण्यांनाही सांगा.

तिसरं काम वेळखाऊ आहे, पण खरा फरक त्यानंच पडतो: आवाजाचा अर्थ बदलायचा. पाव्हलॉव्ह नावाच्या रशियन शास्त्रज्ञानं घंटेसारखी खूण आणि खाणं यांची सांगड घातली, तोच हा प्रकार. आवाज आला की लगेच त्याच्या सर्वांत आवडीचं काहीतरी तोंडाशी. क्रम महत्त्वाचा आहे, आधी आवाज, मग खाऊ. उलट केलंत, म्हणजे आधी चिकन दाखवून मग मिक्सर लावलात, तर थोड्या दिवसांत ते चिकन बघूनच पळेल. आमचं हे झालेलं आहे.

सुरुवात इतक्या हलक्या आवाजापासून करा, की ते कान टवकारेल पण खायचं थांबणार नाही. मिक्सरसाठी आम्ही असं केलं: पहिले चार दिवस मिक्सर नुसता ओट्यावर ठेवला, वायर लावली नाही, खाऊ दिला. मग बटणाचा ‘टक्’ एवढाच आवाज. मग स्वयंपाकघराचं दार लावून आत एक सेकंद मिक्सर, बाहेर हॉलमध्ये मुलगी खाऊ घेऊन तयार. मग दोन सेकंद. मग दार किलकिलं. एका वेळी तीन-चार मिनिटांच्या वर नाही. कुत्र्यानं खाणं नाकारलं की समजायचं, आपण घाई केली. दोन पायऱ्या मागं यायचं.

आणि सराव नसताना आवाज अचानक आलाच तर? तेव्हाही खाऊ द्या, किंवा चेंडू फेका. स्वित्झर्लंडमधल्या बर्न विद्यापीठातल्या एका पाहणीत १,२२५ कुत्र्यांच्या पालकांनी फटाक्यांबद्दलचे आपापले अनुभव सांगितले होते. ही पाहणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. आवाजाच्या वेळी खाऊ देणं किंवा खेळणं हा उपाय करणाऱ्यांपैकी ७० टक्क्यांहून जास्त लोकांना त्याचा गुण आला होता. अंगाला घट्ट बसणाऱ्या जाकिटाचा गुण ४४ टक्क्यांना आला. म्हणजे जाकीट अगदीच वाया नाही, पण आधी चिकन.

खाऊ कोणता द्यावा? आमच्याकडं बेदाणा भरपूर आहे.

बेदाणा अजिबात देऊ नका! हे मी सांगली-तासगावच्या माणसांना हात जोडून सांगते. द्राक्षं आणि बेदाणे यांनी कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. कोणतं कुत्रं किती खाल्ल्यावर आजारी पडेल याचा भरवसा नाही, त्यामुळे ‘एवढ्याशानं काय होतंय’ हे इथं चालत नाही. बेदाण्याच्या शेडवर राखणीला कुत्रं असेल तर खाली सांडलेला माल झाडून घ्या. चॉकलेट नको. कांदा-लसूण घातलेल्या रश्श्यातला तुकडाही नको.

उकडलेलं चिकन मीठ न घालता, उकडलेलं अंडं, पनीर, यांचे हरभऱ्याएवढे तुकडे. रोज मिळणारी भाकरी किंवा बिस्किट या कामाला पुरत नाही. भीतीपुढं टिकेल असा मोबदला लागतो.

मोबाईलवर शिट्टी रेकॉर्ड करून ऐकवली तर चालते का?

बऱ्याच कुत्र्यांना चालते, आणि आवाज कमी-जास्त करायची सोय फार मोठी. पण मोबाईलचा स्पीकर खऱ्या आवाजाची खालची आणि वरची टोकं कापतो. काही कुत्री रेकॉर्डिंगला ढुंकून बघत नाहीत आणि खऱ्या शिट्टीला पळतात. आमचा वाघ्या त्यातलाच. त्याला शेवटी शेजारच्यांच्या कुकरवर शिकवावं लागलं, कारण भिंतीमुळे तो आपोआप हळू होता. शेजारीण हौशी निघाली, शिट्टी व्हायच्या आधी हाक मारायची.

आधी काही नव्हतं. सात वर्षांचं झालं आणि आता पातेलं पडलं तरी थरथरतं.

आधी डॉक्टरांकडं न्या. सराव नंतर.

वाढत्या वयात नव्यानं सुरू झालेल्या भीतीमागं बऱ्याचदा दुखणं असतं. ब्रिटनमधलं लिंकन विद्यापीठ आणि ब्राझीलमधले पशुवैद्य यांनी २०१८ मध्ये आवाजाला घाबरणाऱ्या २० कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या १० कुत्र्यांना सांधे-स्नायूंचं दुखणं होतं, १० ना नव्हतं. दुखणं असलेल्यांची भीती सरासरी चार वर्षं उशिरा सुरू झालेली होती. दचकलं की अंग आखडतं, आखडलं की दुखत्या सांध्यातून कळ येते, आणि कुत्रं त्या कळेचा दोष आवाजाला देतं, असा त्याचा अर्थ लावला गेला. दुखण्यावर औषध सुरू केल्यावर बहुतेकांची भीतीही उतरली.

तेव्हा कुत्रं जिना चढायला कां-कूं करतं का, गाडीत उडी मारायचं थांबलंय का, उठताना मागचे पाय सावकाश घेतं का, हे बघून ठेवा आणि डॉक्टरांना सांगा. नुसतं ‘घाबरतंय’ म्हणालात तर सांधे तपासायचे राहून जातील.

आमचा कारवान आहे, शिकारी जात. तो कसा घाबरतो?

जत, कवठेमहांकाळकडच्या लोकांचा हा हमखास प्रश्न, आणि विचारताना थोडी लाज वाटत असते. कारवान, पश्मी, मुधोळ ही सगळी नजरेनं शिकार हेरून धावणारी कुत्री. मोकळ्या माळावर सशामागं सुटणं वेगळं आणि दहा बाय बाराच्या खोलीत मिक्सरशेजारी बसणं वेगळं. शौर्याचा इथं काही संबंध नाही.

उंदीर पळवायचं प्लगमधलं यंत्र लावल्यापासून कुत्रं त्या खोलीत जात नाही.

काढून टाका. ती यंत्रं माणसाला ऐकू न येणारा उंच आवाज काढतात, आणि त्यातला बराचसा कुत्र्याच्या कानाच्या टप्प्यात येतो. तुम्हाला शांत वाटणारी खोली त्याला अखंड किंचाळताना ऐकू येत असेल.

घरातलं जमतंय, पण बाहेरच्या आवाजाचं काय? आमचं घर रस्त्यावर आहे.

ऊसपट्ट्यात याला इलाज थोडाच. हंगाम सुरू झाला की रात्री दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर गाणी लावून जातात, सकाळी घंटागाडी, आणि वळवाच्या दिवसांत गडगडाट. एवढंच लक्षात ठेवा की भीती साठत जाते. रात्रभर ट्रॅक्टरनं जागवलेलं कुत्रं सकाळी लायटरच्या ‘टिक’लाही उडतं, एरवी त्याच लायटरकडं बघतही नाही. अशा सकाळी मिक्सर आणि सराव दोन्ही राहू द्या. गणपतीच्या मिरवणुकीच्या दिवशी कुत्र्याला रस्त्यापासून लांबच्या खोलीत ठेवा, खिडक्या लावा, कूलर किंवा पंखा मोठा करा. सातारच्या माझ्या नणंदेचं घर मिरवणुकीच्या वाटेवरच आहे. त्या दोन दिवस कुत्र्याला घेऊन सरळ माहेरी, म्हणजे आमच्याकडं येतात. आमच्या गल्लीतला मांडव काही कमी नाही, पण निदान आमची मागची खोली बंद होते.

गाणी लावून ठेवावी का?

ग्लासगो विद्यापीठ आणि स्कॉटलंडमधली एक प्राणिकल्याण संस्था यांनी आश्रयस्थानातल्या कुत्र्यांना वेगवेगळं संगीत ऐकवलं, तो अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. सॉफ्ट रॉक आणि रेगे लावल्यावर कुत्री जास्त निवांत दिसली, मात्र एकच प्रकार रोज लावला की गुण ओसरत जातो. नाट्यपंढरीत राहून आम्ही अर्थातच नाट्यगीतं लावून बघितली. संथ पदांना वाघ्या झोपतो. तान सुरू झाली की उठून जातो.

कानात कापूस घालू का?

नको. आत सरकतो, कान चिघळतो, आणि आवाज फारसा थांबतही नाही.

पिल्लाला आधीपासून सवय कशी लावावी?

तीन आठवड्यांपासून साधारण बारा-चौदा आठवड्यांपर्यंत पिल्लाचं मन नवं सगळं सहज स्वीकारतं. आपल्याकडं ४५ दिवसांचं पिल्लू घरी आणायची पद्धत आहे, म्हणजे यातला निम्मा काळ तुमच्या हातात असतो. रोज एखादा नवा आवाज, लांबून, हळू, खाऊसोबत. लसी पूर्ण व्हायच्या असतील तर खाली सोडू नका. कडेवर घेऊन गच्चीतून घंटागाडी ऐकवा. ‘बघू घाबरतंय का’ म्हणून जवळ जाऊन ताट आपटणाऱ्या भावोजींना मात्र पिल्लापासून लांब ठेवा.

गोळ्या देऊन चालतं का?

डॉक्टरांनी दिल्या तर जरूर, आणि त्यात कमीपणा काही नाही. भीती इतकी असेल की कुत्रं खातच नाही, दारं ओरबाडतं, स्वतःला इजा करून घेतं, तर सराव सुरूच होऊ शकत नाही. औषधानं आधी ती खाली आणावी लागते. काही गोळ्या फक्त प्रसंगापुरत्या असतात, काही रोजच्या. रोजच्या औषधांचा गुण दिसायला चार-सहा आठवडे जातात, त्यामुळे आठ दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून बंद करू नका.

एक गोष्ट डॉक्टरांना मोकळेपणानं विचारा: ही गोळी भीती कमी करते की नुसती गुंगी आणते? ॲसेप्रोमाझीनसारख्या जुन्या औषधानं अंग जड होतं, पण भीती तशीच राहू शकते. पळता न येणारं घाबरलेलं कुत्रं असा तो प्रकार. घरातल्या माणसांच्या झोपेच्या किंवा दुखण्याच्या गोळ्या कधीही देऊ नका. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेनसुद्धा कुत्र्याला विषासारखी ठरू शकतात. जवळच्या डॉक्टरांना केस अवघड वाटली तर सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. जाताना कुत्र्याचा घाबरलेल्या वेळचा मोबाईल व्हिडिओ न्या. दवाखान्यात प्रत्येकच कुत्रं घाबरलेलं असतं, त्यावरून घरातलं कळत नाही. भाच्याचा तो खिदळण्याचा व्हिडिओ शेवटी तिथं कामाला आला.

किती दिवसांत फरक पडतो?

मिक्सरला आम्हाला अकरा आठवडे लागले, मध्ये दिवाळी आली म्हणून त्यातले दोन वाया. इन्व्हर्टरचं त्यापेक्षा लवकर जमलं, कारण पीकच बंद झालं होतं, फक्त पंखा थांबण्याची धास्ती घालवायची होती. लाईट गेली की पनीर, एवढंच केलं. आता पंखा थांबला की वाघ्या मोरीकडं जात नाही, फ्रिजपुढं येऊन बसतो. उन्हाळ्यात दिवसातून तीनदा लाईट जाते तेव्हा पनीर परवडत नाही, तो भाग वेगळा. कुकरशी मात्र अजून त्याचं जमलेलं नाही. शेजारच्यांचा चालतो, आमचा नाही.